उर्फ

प्रस्तावना लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा, आणि विद्वान न मिळाल्यास निदान ग्रंथविषयापासून यथोचित अंतरावर उभ्या असलेल्या एखाद्या तटस्थ गृहस्थाचा, असा आपल्याकडील जुना संकेत आहे. या दोन्ही कसोट्यांना मी उतरत नाही. महसूल खात्यात एकोणचाळीस वर्षे कारकुनी करून २००६ साली अव्वल कारकून या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेला मी एक सामान्य मनुष्य. माझ्या हातून जे काही लेखन झाले ते फेरफार, वारसनोंदी, टिपणे आणि जबाब या सदरांतले. आणि ज्या स्त्रीच्या स्मरणार्थ हे पुस्तक निघत आहे ती माझी सख्खी भावजय, तेव्हा तटस्थतेचा प्रश्नही परस्पर निकालात निघालेला. असे असता थोरल्या पुतण्याने हे काम माझ्यावरच सोपविले, त्याचे कारण त्याने दिले ते असे : “तात्या, अण्णांनी सांगितलेली आई, आम्ही लिहिलेली आई आणि पोरांनी लिहिलेली आजी या तीन निराळ्या बायका वाटतात. तुम्ही जन्मभर न जुळणारे कागद जुळवत आलात. एवढे जुळवून द्या.”

मी तिन्ही वह्या घरी आणल्या, तीनदा वाचल्या, आणि न जुळवताच परत केल्या. त्यांची जुळवाजुळव करणे मला अशक्य नव्हते. खाडाखोड न दिसू देता दोन परस्परविरोधी जबाबांतून एक सुसंगत अहवाल तयार करण्याची कला आमच्या खात्यात कोणालाही अवगत होते. परंतु तसे केले असते तर वाचकांच्या हाती एक खोटा दस्तऐवज पडला असता, आणि तो खोटा आहे हे ओळखू शकणारी एकमेव व्यक्ती २०२४ च्या आषाढात आम्हांला सोडून गेली.

पहिली वही माझे थोरले बंधू, आम्ही सर्व ज्यांना अण्णा म्हणतो, त्यांची. वयोमानाने त्यांचा हात थरथरतो, म्हणून मजकूर त्यांनी सांगितला आणि नातीने लिहून घेतला. दुसरी वही त्यांच्या तीन अपत्यांची, तिसरी पाच नातवंडांची. अण्णांच्या वहीत वहिनीविषयी जे पहिले वाक्य आहे ते असे की ती फार अबोल होती, घरात तिचा शब्द ऐकू येत नसे आणि त्या शांततेमुळेच आपला संसार निभावला. मुलांच्या वहीत ठिकठिकाणी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येते की आई कडक होती, ती आम्हांला बोलू देत नसे, हसू देत नसे, जिन्यावरून पळू देत नसे. आणि नातवंडांनी आपल्या वहीला जे शीर्षक दिले ते ‘आमची बडबडी आजी’! एका मनुष्याची साक्ष दुसऱ्याशी जुळत नाही यात नवल नाही. परंतु नवरा म्हणतो मुकी, मुले म्हणतात गप्प बसविणारी आणि नातवंडे म्हणतात तोंडाळ, अशी एकाच स्त्रीच्या आवाजाविषयी तीन पिढ्यांची तीन मते पडावीत, याचा उलगडा त्या वह्यांत नाही. तो वागळे इस्टेटच्या भोंग्यात आहे.

वागळे इस्टेट म्हटले की आजच्या ठाणेकराला पारपत्र कार्यालय आठवते, संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आठवतात आणि सायंकाळी रोड नंबर सोळावर खोळंबलेली वाहनांची रांग आठवते. आमच्या आठवणीतली इस्टेट निराळी आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला तो याच वसाहतीत, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली पार पडलेल्या एका छोटेखानी समारंभात. यशवंतराव देवराष्ट्र्याचे, म्हणजे आमच्या जुन्या सातारा जिल्ह्यातले, आणि त्या काळी आमच्या माण तालुक्यातल्या तरुणांचा असा एक भाबडा समज होता की साहेबांनी कारखाने काढले ते आपल्यासाठीच. पर्जन्यछायेच्या त्या मुलुखात बाजरी पिकली तर पिकली, नाहीतर माणसाने मुंबईची वाट धरावयाची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा. फरक इतकाच की आमच्या वडिलांच्या पिढीची वाट परळ-लालबागेत संपत असे, आमच्या पिढीची मुलुंडच्या चेकनाक्याअलीकडे संपू लागली. अण्णा १९६३ साली यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि चार वर्षांत लेथवर उभे राहिले. पुढल्या वर्षी किसननगरच्या बाजूला दहा बाय बाराची एक खोली घेऊन त्यांनी वहिनीला गावाहून आणले. त्या वसाहतीतल्या रस्त्यांना नावे नव्हती, नंबर होते, आणि ते अजूनही आहेत. पत्ता सांगताना वहिनी पहिली काही वर्षे संकोचत असे. माणसे राहतात त्या ठिकाणाला नाव नसावे हे तिला पटत नसे.

कारखान्यात तीन पाळ्या चालत, आणि पाळी दर आठवड्याला फिरे. पहिली सकाळी सातला सुरू होई, दुसरी दुपारी तीनला, तिसरी रात्री अकराला. पहिल्या पाळीसाठी पहाटे पाचला डबा तयार पाहिजे, दुसऱ्या पाळीत रात्री साडेअकराला गरम भाकरी पाहिजे, आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात अण्णा सकाळी आठला येऊन जे झोपत ते दुपारी दोनला उठत. लेथवर फिरणाऱ्या लोखंडाशी ज्याची बोटे आठ तास खेळतात त्याची झोप अपुरी राहिली तर काय घडते हे चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. शेजारच्याच खोलीत तीन बोटांचा एक मनुष्य राहत असे. त्यामुळे तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्या खोलीत आवाज होता कामा नये हा वहिनीचा कायदा होता, आणि त्या कायद्याला अपवादाचे पोटकलम नव्हते.

तो कायदा ती कसा अमलात आणी हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, कारण १९६७ साली मला ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत नोकरी लागली होती, आणि वहिनी आल्यापासून सात वर्षे मी त्याच बिऱ्हाडात होतो आणि माझे अंथरूण गॅलरीत असे. दोन खिळ्यांना जुने लुगडे बांधून ती खोलीचे दोन भाग करी. पातेल्यांच्या झाकणांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. खलबत्ता ती शेजारणीकडे नेऊन कुटी, आणि त्याच्या मोबदल्यात शेजारणीच्या नवऱ्याची तिसरी पाळी आली की ती बाई आपला खलबत्ता आमच्याकडे आणी. मुले दुपारच्या शाळेची, सकाळभर घरात. त्यांना तिने एक पाटी दिली होती. जे सांगावयाचे ते पाटीवर लिहावयाचे, आणि ती त्याच पाटीवर उत्तर लिही. थोरल्याने आपल्या प्रकरणात तक्रारीच्या सुरात लिहिले आहे की ‘भूक लागली’ हे शब्द मी बोलण्याआधी लिहावयास शिकलो. तो आज एका महाविद्यालयात मराठी शिकवितो, आणि या दोन गोष्टींचा परस्परसंबंध त्याच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

तेव्हा अण्णांना जी शांतता वहिनीच्या स्वभावाची वाटली ती त्यांच्या झोपेसाठी रोज नव्याने उत्पन्न करावी लागणारी वस्तू होती. मुलांना जो कडकपणा वाटला तो त्या वस्तूच्या उत्पादनाचा खर्च होता. आणि कारखान्याला टाळे लागल्यानंतर, पाळ्या संपल्यानंतर, जन्मास आलेल्या नातवंडांना जी बडबडी आजी भेटली ती नवी नव्हती. ती आधीपासून तशीच होती. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ती पहाटे नळावर बोलत असे आणि त्या वेळी तिच्यासमवेत मी असे.

चाळीच्या सार्वजनिक नळाला पहाटे चारला पाणी येई. नंबर लावून हंडे, कळशी, बालदी भरावयाची आणि जिना चढून वर नेऊन ओतावयाची. हे काम वहिनी व मी मिळून करीत असू. त्या तासाभरात ती अखंड बोले. म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा, तिच्या वडिलांचा एका डोळ्याने अधू बैल, चौथीपर्यंत शिकविणाऱ्या मास्तरांनी पुढे शिकवा म्हणून घरी येऊन घातलेली गळ, ती ऐकून तिच्या आजीने मास्तरांना दिलेले उत्तर, आणि असेच पुष्कळ काही. पुष्कळ काही, असे मी लिहितो, कारण त्या उत्तराचे शब्द मला आठवत नाहीत. बैलाचे नाव आठवत नाही. रथयात्रेत ती एकदा हरवली होती, पण कोणी शोधले हे आठवत नाही. त्या दिवसांत मी खात्याच्या परीक्षेला बसलो होतो. नळाखाली हंडा भरत असता माझे ओठ हलत ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिची कलमे घोकण्यासाठी. कलम १४९, संपादन केलेल्या हक्काची वर्दी देणे. कलम १५०, फेरफारांची नोंदवही. ती कलमे आजही मला मुखोद्गत आहेत.

अशी आठवण नोंदवताना मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. लक्ष्मीबाईंना औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते. रेव्हरंड टिळक १९१९ साली वारले. पुढे त्यांचे चरित्र लिहावयाचे मुलाच्या, देवदत्तांच्या मनात होते, आणि त्यासाठी त्यांनी आईच्या मागे लागून तिच्या आठवणी मागितल्या. मागितल्या होत्या पतीच्या. कागदावर उतरली ती स्वतः लक्ष्मीबाई, आपल्या विनोदासह, आपल्या फजित्यांसह, आपल्या रागासह. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघू लागले आणि १९३६ साली त्या निवर्तल्या. पुढे नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी, आजीच्या त्या ग्रंथाची टिपांसह साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. पत्नी, आई आणि आजी या तिन्ही नात्यांनी एकाच स्त्रीकडे पाहणारी एवढी संपूर्ण साखळी आपल्या वाङ्मयात दुसरी मला माहीत नाही, आणि ती कशाने निर्माण झाली याचा विचार केला तर एका क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियेपाशी येऊन थांबावे लागते : मुलाने आईला विचारले. आमच्या घरात एक प्राध्यापक, एक परिचारिका, एक अभियंता आणि एक अव्वल कारकून असून कोणीही विचारले नाही.

विचारले नाही, याचे एक कारण असेही असावे की आईविषयी काय लिहावयाचे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ लिहिली आणि महाराष्ट्राला आईची एक मूर्ती दिली. तिच्या पावित्र्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तेव्हापासून मराठी मनुष्य आपल्या आईविषयी लिहावयास बसला की त्याच्या लेखणीतून श्यामची ती पालगडची आई उतरू लागते. माझ्या पुतण्यांच्या वहीतही मला ती चार-पाच ठिकाणी भेटली. ‘आईने आम्हांला संस्कारांची शिदोरी दिली’ असे एक वाक्य तिथे होते. ते मी प्रस्तावनाकाराच्या अधिकारात काढून टाकले आहे, कारण वहिनीने शिदोरी म्हणून दिलेली वस्तू मला आठवते ती बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मुलांनी मूर्ती बाजूला ठेवून जिथे पाटी, लुगड्याचा पडदा आणि चिंध्या गुंडाळलेली झाकणे लिहिली तिथे ती जिवंत झाली आहे. वाचकांनी दुसरी वही वाचताना पहिली आठ पाने ओलांडून गेल्यास माझी हरकत नाही, लेखकांची असेल.

आता नावाविषयी. वाचकांच्या लक्षात आले असेल की मी तिचे नाव अद्याप लिहिलेले नाही. ते मुखपृष्ठावर आहे; येथे न लिहिण्याचे कारण संकोच नव्हे, संशय आहे. १९६१ च्या वैशाखात अण्णांचे लग्न झाले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. नवी सून उंबऱ्यावरचे माप ओलांडून आत आली, देवापुढे पाटावर बसविली, आणि ताटात तांदूळ पसरून अण्णांनी त्यांत तिचे नवे नाव लिहिले. असे नाव सोन्याच्या अंगठीने लिहितात. आमच्या घरी सोन्याची अंगठी नव्हती, म्हणून बोटानेच लिहिले. नाव आत्याने सुचविलेले. गूळ वाटला गेला, आणि ताटातले तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजविले. सतरा वर्षे ज्या नावाने ती हाकेला ‘ओ’ देत आली ते नाव त्या घटकेला संपले, आणि ते विचारण्याचेही कोणाला सुचले नाही. मला ते नाव कळले अठरा वर्षांनी, एका कागदाच्या निमित्ताने.

ही काही आमच्याच घरची रीत नव्हे. ज्या स्त्रियांना महाराष्ट्र आज आदराने नावानिशी ओळखतो त्यांच्या नावांची मूळ कागदपत्रे पाहावी. कल्याणच्या गणपतराव जोश्यांची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी झाली, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी आनंदीबाईंना मिळाली. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली जन्मलेली दुसरी एक यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांची लक्ष्मी झाली. देवरुखच्या जोश्यांची गोदू, बालविधवा म्हणून वाढलेली, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदी झाली. दोन यमुना, दोन आनंदी. जणू नावांचा एक मर्यादित साठा आहे आणि तो फिरून फिरून वापरावयाचा आहे! समाजसुधारकांनी वयाचा प्रश्न काढला, शिक्षणाचा काढला, केशवपनाचा काढला. तांदळातल्या नावाचा कोणी काढला नाही. या स्त्रियांनी पुढे आपली आयुष्ये लिहिली तेव्हा रमाबाईंच्या १९१० सालच्या ग्रंथाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे अनेकवचनी आहे. पार्वतीबाई आठवले यांनी १९२८ साली ‘माझी कहाणी’ लिहिली आणि त्यांच्या भगिनी आनंदीबाई कर्वे यांनी १९४४ साली ‘माझे पुराण’. ‘आमच्या’पासून ‘माझे’पर्यंत येण्यास मराठी स्त्रीला एवढा काळ लागला, असे एखादा समीक्षक म्हणेल, मी महसूलवाला असल्यामुळे मला तो खाते वेगळे करण्याचा प्रकार वाटतो.

आणि दप्तरात तर स्त्रीची नोंद शोधावी लागते. गाव नमुना सातबारावर बाई बहुधा दिसते ती नवरा मयत झाल्यावर, किंवा ‘अ. पा. क.’ या अक्षरांच्या पुढे, म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती आई म्हणून. आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी ‘इतर हक्क’ या सदरात, विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या पंक्तीला. अशा नोंदी मी शेकड्यांनी घेतल्या आहेत. १९७९ साली वहिनीचे वडील वारले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगीही बापाच्या मिळकतीत वारस झालेली होती; सबब खटाव तालुक्यातल्या त्या नऊ एकर जिराईत जमिनीला तिचेही नाव लागणार होते. तिच्या भावांचा निरोप आला की ताईने हक्कसोडपत्र करून द्यावे. तसे करून देणे ही रीत होती, न देणाऱ्या बहिणीचे माहेर तुटत असे, आणि हे सर्व इतके गृहीत होते की त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. मसुदा मी केला. वारस दाखल्यात तिचे माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे दस्तात लिहिणे भाग होते. त्यासाठी आमच्या खात्यात एक फार सोईचा शब्द आहे, उर्फ. अमुक उर्फ तमुक, वय वर्षे पस्तीस, धंदा घरकाम.

मसुदा वाचून दाखविला तेव्हा ती भाकऱ्या थापीत होती. तिने विचारले, “भावजी, ह्या एवढ्या कागदात मी कुठं बसते?” मी बोट ठेवून जागा दाखविली. तिने पिठाचे हात पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, “म्हंजे ह्या दोघींच्या मधी.” मी हसलो. दस्त नोंदला गेला. भावांनी तिला इरकली लुगडे घेतले, ते तिने धाकट्या मुलीच्या बाळंतपणापर्यंत जपून ठेवले.

कायद्यांनी पुढे तिच्यासाठी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख ठरली. पुतण्याने मोठ्या उत्साहाने ही वार्ता तिला सांगितली तेव्हा तिचे उत्तर होते, “आत्ता व्हय? आता तर सैपाक सूनबाई करती.” आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे, बापाच्या आधी, आईचे नाव लिहिण्याचा राज्य सरकारचा नियम लागू झाल्यावर आमच्या घरात पहिले बाळ जन्मले ती तिची पणती. नातीने जन्माचा दाखला वाचून दाखविला : मुलीचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. वहिनी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. ऐकून घेऊन तिने एवढेच विचारले, “आईचं कोणतं लिवलं? माहेरचं का सासरचं?” शासननिर्णय काढणाऱ्या सचिवांपुढे हा प्रश्न ठेवण्याजोगा होता. तिच्या अखेरच्या आजाराविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तो तीन आठवड्यांचा होता, आणि तिसऱ्या वहीत परिचारिका असलेल्या नातीने तो नेमकेपणाने नोंदविला आहे.

राहता राहिली चौथी वही. ही तिची स्वतःची. तिच्या पश्चात पत्र्याच्या पेटीतून निघालेली ती हिशेबाची वही १९६८ पासून पुढे काही वर्षांची आहे, आणि तिच्या हस्ताक्षरातली आमच्यापाशी असलेली एवढीच वस्तू. प्रथम मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. जमाखर्चात स्मरणरंजन कोठून असणार? परंतु कीर्द वाचण्याची सवय असलेल्याला तीत पुष्कळ दिसते. दुष्काळाच्या १९७२-७३ साली मिलोची ज्वारी दोन शेरांवरून पाच शेरांवर जाते, कारण गावाकडचे नातलग गॅलरीत येऊन राहिले होते. ते कोण, हे वहीत नाही, पण तांब्या-भांड्यांच्या खरेदीवरून माणसे मोजता येतात. त्याच वर्षापासून जमेच्या बाजूला ‘रबर’ असा शब्द दिसू लागतो. इस्टेटीतल्या एका गाळ्यातून रबरी वॉशर घरी आणून त्यांची वाढीव कड कात्रीने कापून द्यावयाची, मजुरी ग्रोसवर. अण्णांच्या वहीत या कामाचा उल्लेख नाही. त्यांच्या झोपेच्या वेळी चालणारे हे काम होते, आणि कात्रीने रबर कापताना आवाज होत नाही. एका पानावर ‘भावजी उसने ५’ अशी नोंद आहे. ते परत आल्याची नोंद मी शेवटच्या पानापर्यंत शोधली, नाही. पाच रुपयांचे ते येणे अद्याप माझ्या नावे उभे आहे.

या वहीतली बारा पाने पुस्तकाच्या अखेरीस जशीच्या तशी छापली आहेत. बारावे पान हिशेबाचे नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करावयास जाण्यापूर्वी तिने तिथे सहीचा सराव केला आहे. डावीकडे एकाखाली एक नऊ वेळा सासरचे नाव : अक्षर कापरे, शिरोरेघ तुटलेली, दोन ठिकाणी वेलांटी चुकून खोडलेली. अठरा वर्षे ते नाव ती वागवीत होती, पण ते लिहिण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलेला नव्हता. उजवीकडे एकदाच माहेरचे नाव : चौथीच्या मास्तरांनी गिरवून घेतलेले, टपोरे, एकाही ठिकाणी हात न अडखळता लिहिलेले.

पुस्तक इस्टेटीतल्याच एका छापखान्यात, अण्णांच्या जुन्या कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर छापले जात आहे. मागल्या आठवड्यात पानांच्या छायाप्रती तपासावयास गेलो असता तिथल्या जुळणी करणाऱ्या मुलाने संगणकाच्या पडद्यावर ते पान मोठे करून दाखविले आणि विचारले, “आजोबा, ही दोन वेगळ्या बायकांची अक्षरं आहेत ना? मग खाली दोन्ही नावं टाकू का वेगवेगळी?”

मी त्याच्याकडून पेन्सिल घेतली आणि समासात, सवयीने, ‘मूळ प्रतीप्रमाणे’ एवढेच लिहून तारीख घातली.

वागळे इस्टेट, ठाणे